महिलांची पॉइंट्स रेस : शेवटची रेषा आधी ओलांडली म्हणून काय झालं?

सातची_फास्ट | रात्री १०:१५

टूर द फ्रान्सवर इथे दर जुलैत धागे निघतात, ट्रॅक सायकलिंगवर मात्र शोधून एकही सापडला नाही. म्हणून हा काढतेय. विषय माझी सगळ्यात लाडकी शर्यत, महिलांची पॉइंट्स रेस. आमच्या घरात ती बघणारी मी एकटी. बाकीच्यांचं म्हणणं, जी पुढे दिसते ती पुढे नसते, हा कसला खेळ?

आधी नियम. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची ही शर्यत २५ किलोमीटरची, म्हणजे २५० मीटरच्या ट्रॅकवर १०० लॅप. दर दहा लॅपनंतर एक स्प्रिंट. त्यात पहिल्या चौघींना ५, ३, २, १ असे गुण. शेवटच्या, दहाव्या स्प्रिंटला दुप्पट, म्हणजे १०, ६, ४, २. याशिवाय एखादीने निसटून मुख्य घोळक्याला अख्खा एक लॅप टाकला आणि मागून येऊन त्याच घोळक्याच्या शेपटीला मिळाली, तर तिला २० गुण. उलट घोळक्यानेच कुणाला लॅप टाकला तर तिचे २० वजा. त्यामुळे निकालात काही नावांपुढे चक्क उणे आकडे असतात. शेवटी बेरीज जिची जास्त ती पहिली. बरोबरी झाली तर शेवटच्या स्प्रिंटमध्ये पुढे कोण होती ते बघतात.

म्हणजे दहाच्या दहा स्प्रिंट जिंकल्या तरी ५५. आणि एक लॅप म्हणजे चार साध्या स्प्रिंट जिंकल्याइतकं.

आता माझा मुद्दा. ही शर्यत स्प्रिंटमध्ये जिंकली जात नाही, स्प्रिंट संपल्यावरच्या अर्ध्या मिनिटात जिंकली जाते. तेव्हा गुण कुणालाच मिळत नसतात, आणि कॅमेरासुद्धा बहुतेक वेळा नुकत्याच ५ गुण मिळवलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर असतो. घंटा वाजली, एक लॅप जीव तोडून मारली, रेषा ओलांडली. आता ज्या चौघी भिडल्या होत्या त्या धापा टाकत बँकिंगवर, म्हणजे ट्रॅकच्या कललेल्या भागावर, वर सरकतात. बाकीच्या एकमेकींकडे बघतात, ओढायचं कुणी? नेमकी त्याच वेळी स्प्रिंटमध्ये न उतरलेली, वरच्या कठड्याजवळ गुपचूप फिरणारी एखादी खाली झेपावते. वळणावर ट्रॅक ४० अंशांहून जास्त कललेला असतो, त्यामुळे उताराचा वेग तिला फुकटात मिळतो. घोळक्याला कळेपर्यंत ती पाव लॅप पुढे.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे २००८ चं बीजिंग ऑलिंपिक, तिथला लाओशान वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचा ट्रॅक. नेदरलँड्सची मारियान व्हॉस, वय २१. त्याच वर्षी मँचेस्टरला ती या शर्यतीची जगज्जेती झाली होती, म्हणजे सगळ्यांची नजर तिच्यावरच. तरी ती एकटी सुटली आणि एकटीने लॅप पुरी केली. तिचे ३० गुण, दुसऱ्या आलेल्या क्यूबाच्या योआंका गोन्सालेसचे १८, तिसरी स्पेनची लेइरे ओलाबेरिया १३. या ३० मधले २० त्या एका लॅपचे. ते काढून टाका आणि बघा ती कुठे राहते.

इथे कुणी ट्रॅक बघतं का? की मी एकटीच?

पावभाजी_प्रेमी | रात्री १०:३२

वाचतोय. एक बाळबोध प्रश्न. या सायकलींना ब्रेक नसतात हे खरं का? आणि नसतील तर वीस जणी एकमेकींच्या चाकाला चाक लावून फिरतात कशा?

दोन_चाकं | रात्री १०:४७

खरं आहे. ब्रेक नाही, गियर बदलायची सोय नाही आणि फ्रीव्हीलही नाही. पेडल आणि मागचं चाक कायमचं जखडलेलं. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. वेग कमी करायचा तर पायांनी पेडलला उलटा दाब द्यायचा, किंवा बँकिंगवर वर चढायचं, चढाने वेग आपोआप उतरतो.

आणि ब्रेक नसणं हीच सुरक्षितता आहे. मागच्या मुलीला माहीत असतं की पुढची अचानक थांबू शकत नाही. ब्रेक दिले तर पहिल्याच स्प्रिंटला ढीग होईल.

खडूस_म्हातारा | रात्री ११:०५

लेख चांगला लिहिलाय, पण मला यात शर्यत दिसत नाही, ऑडिट दिसतं. माणूस धावतो, घोडा धावतो, सायकल धावते, जो आधी पोचला तो जिंकला. इथे आधी पोचलेली बाई तिसरी आणि घोळक्यात मधेच कुठेतरी आलेली पहिली! प्रेक्षकाने कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं का?

सातची_फास्ट | रात्री ११:१२

काका, क्रिकेट बघताना डकवर्थ-लुईस चालतं ना तुम्हाला? :)

तुम्ही कबड्डी बघता हे मला जुन्या धाग्यांवरून माहितीय, म्हणून तसंच सांगते. स्प्रिंटचे गुण म्हणजे एकेक गडी टिपणं. लॅप म्हणजे लोण. एक लोण चढला की मैदानातली हवाच बदलते, आणि लोण चढवायला निघालेला संघ आणि एकेक गुणावर टिकून राहणारा संघ हे दोन वेगळे खेळ खेळत असतात. पॉइंट्स रेसमध्ये ते दोन्ही खेळ एकाच वेळी, एकाच ट्रॅकवर चालू असतात.

खडूस_म्हातारा | रात्री ११:२०

लोण समजला. बाकी उद्या.

घाटाचा_राजा_निवृत्त | सकाळी ६:०४

धागा बघून बरं वाटलं. आमच्या पिढीला सायकल शर्यत म्हणजे मुंबई-पुणे. तिथेही हे होतंच की. बोरघाटात सगळ्यात आधी वर पोचणारा 'घाटाचा राजा', त्याचं बक्षीस वेगळं, मान वेगळा. पुण्यात पहिला येणारा बहुतेक वेळा दुसराच कुणी. घाटात राजा व्हायला गेलेला पुढे सपाटीवर सुटा पडायचा आणि मागच्या टोळक्याच्या तोंडी सापडायचा. त्यामुळे निघतानाच ठरवायला लागायचं, आपल्याला घाट हवाय की पुणं. खडूससाहेब, दर दहा लॅपला एक छोटा घाट आहे असं समजा, आणि पुणं म्हणजे बेरीज.

पण ताई, तुमच्या मुद्द्यावर माझी शंका आहे. स्प्रिंट संपल्या संपल्या सुटायचं हे ऐकायला छान वाटतं. पण हे सगळ्यांनाच माहीत असेल ना? मग सगळ्याच त्या वेळी सुटतील किंवा सगळ्याच सावध राहतील. आणि एकटीने वारा कापत घोळक्याला लॅप टाकायची म्हणजे थट्टा नाही. वीस जणी आलटून पालटून वारा घेतात, ती एकटी घेते. रस्त्यावर एकटा सुटलेला शंभरात पाच वेळा टिकतो.

आकडेमोड | सकाळी ९:४०

काकांच्या शंकेचं उत्तर गणितात आहे. ऑफिसला पोचेपर्यंत कागदावर मांडलं. आकडे कल्पित आहेत, प्रमाण बघा.

समजा सुटलेली ताशी ५० ने जातेय आणि घोळका ४६ ने. फरक ताशी ४ किलोमीटर. तिला २५० मीटर कमवायचेत. त्याला पावणेचार मिनिटं लागतील, तेवढ्यात ती तीन किलोमीटरच्या वर जाईल, म्हणजे साडेबारा लॅप. एकटीने वाऱ्याला तोंड देत साडेबारा लॅप, आणि मध्ये एक स्प्रिंट येणारच. स्प्रिंट जवळ आली की घोळक्याचा वेग ५० च्याही वर जातो, म्हणजे कमावलेलं अंतर परत घटणार.

आता स्प्रिंट नुकतीच संपलीय आणि घोळका 'ओढायचं कुणी' या वादात ४३ वर आलाय असं धरा. फरक ७. अडीचशे मीटर कमवायला सव्वादोन मिनिटांच्या आत काम होतं, लॅप लागतात सातेक. म्हणजे पुढची स्प्रिंट तापायच्या आत ती घोळक्याच्या शेपटीला लागलेली असते!

म्हणून ती ठरावीक वेळ. दोन स्प्रिंटमध्ये दहा लॅपची जागा आहे आणि काम सातात बसतं, पण घोळका आळसावला तरच. तो आळस किती लॅप टिकेल यावर पैज आहे सगळी. एक विसरू नका, वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनाने. ४६ वरून ५० वर जायला वेग ९ टक्क्यांहून कमी वाढवायचाय, पण ताकद जवळजवळ २८ टक्के जास्त लागते. एकटीला. म्हणून हा उद्योग शंभर लॅपमध्ये एखाद-दोनदाच परवडतो.

घाटाचा_राजा_निवृत्त | सकाळी १०:१५

वा! हे पटलं. म्हणजे रस्त्यावर सुटलेल्याला शेवटच्या रेषेपर्यंत टिकायचं असतं, इथे फक्त घोळक्याची शेपटी पकडेपर्यंत. मग परत त्यांच्याच आडोशाला बसून दम खायचा. हा मोठा फरक आहे, माझ्या लक्षात आला नव्हता.

माहीमची_खाडी | सकाळी ११:३०

दोघी मिळून सुटल्या तर? दोघींना २०-२० मिळाले तर आपसातला फरक तसाच राहणार. मग एकीने दुसरीला ओढायचं कशाला?

सातची_फास्ट | दुपारी १:१०

मस्त प्रश्न. आपसातला फरक तसाच राहतो, पण मागे राहिलेल्या सगळ्यांवर २० चढतात. दोघींपैकी एक आधीच पाच-सहा गुणांनी पुढे असेल तर मागे असलेली म्हणते, मी कशाला तुला सोनं मिळवून देऊ? आणि पुढची म्हणते, ओढ, तुझं रौप्य तरी पक्कं होतंय. मग कोपर हलवून 'आता तू पुढे ये' अशी खूण करणं, दुसरीने न बघितल्यासारखं करणं, हा सगळा तमाशा बघायला मिळतो. कधी कधी या रुसव्याफुगव्यात निम्मी लॅप कमावलेल्या मुली परत घोळक्याच्या तोंडात येतात. मला तर हाच भाग सर्वात आवडतो.

गिरगावकर | दुपारी २:०५

थोडा इतिहास माझ्याकडून. जागतिक स्पर्धेत महिलांची पॉइंट्स रेस पहिल्यांदा १९८८ साली, बेल्जियममधल्या गेंट शहरात. जिंकली ब्रिटनची सॅली हॉज. पुढच्या वर्षी लिऑनला फ्रान्सची जिनी लोंगो. मग १९९१ ते ९४ सलग चार वर्षं नेदरलँड्सची इंग्रिड हारिंगा. ऑलिंपिकमध्ये ही शर्यत आली १९९६ ला अटलांटात, तिथे फ्रान्सच्या नाताली लांसियांने हारिंगाला रौप्यावर थांबवलं. २००० ला इटलीची अँटोनेला बेलुत्ती, २००४ ला रशियाची ओल्गा स्ल्युसारेव्हा, २००८ ला व्हॉस. चार ऑलिंपिक, चार वेगवेगळ्या देशांच्या विजेत्या, आणि मग शर्यतच कार्यक्रमातून गायब.

२० गुणांची भानगड पूर्वी नव्हती. आधी लॅप मोजायचे, गुण नंतर. म्हणजे एक लॅप पुढे असलेला नेहमी वर, मग गुण कितीही असोत. २००० च्या सिडनीत पुरुषांच्या शर्यतीत स्पेनचा हुआन यानेरास १४ गुणांवर सुवर्ण घेऊन गेला आणि उरुग्वेचा मिल्टन वायनान्ट्स १८ गुण असून रौप्यावर, कारण यानेरास एक लॅप पुढे होता. नंतर लॅपची किंमत २० ठरवली, त्यामुळे स्प्रिंटवाल्यांनाही आशा राहिली. खडूसकाका, तुम्हाला जुना नियम जास्त आवडला असता बघा.

पण २००८ नंतर ऑलिंपिकमधून काढून टाकली याचं मला अजून वाईट वाटतं. इतकी बुद्धीची शर्यत, आणि तिच्या जागी आणलं काय, तर ऑम्नियम, अनेक शर्यतींचे गुण एकत्र करून एकच पदक. सगळ्याची मिसळ.

दोन_चाकं | दुपारी ३:३०

गिरगावकर, इथे मात्र असहमत, आणि जोरात असहमत.

बीजिंगला ट्रॅकवर पुरुषांच्या ७ शर्यती होत्या आणि महिलांच्या ३. स्प्रिंट, वैयक्तिक परस्यूट (ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी निघून एकमेकींचा पाठलाग) आणि पॉइंट्स. बस्स. लंडनला २०१२ मध्ये दोघांच्या ५-५ झाल्या. पॉइंट्स आणि परस्यूट गेल्या, पण महिलांना टीम स्प्रिंट, टीम परस्यूट, किरिन (मोटरबाइकमागून सुरू होणारी स्प्रिंट) आणि ऑम्नियम मिळाली. टोकियोला जोडीने खेळायची मॅडिसन आल्यावर ६-६. दोन शर्यती गमावून महिलांच्या ट्रॅकने दुपटीची पदकं कमावली. १९८८ च्या सेऊलपर्यंत तर महिलांना ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर प्रवेशच नव्हता, आणि तिथेही एकच स्प्रिंट होती. हा प्रवास बघितला तर पॉइंट्स रेससाठी गळा काढणं मला पटत नाही.

शिवाय ती गेली कुठे? ऑम्नियमची चौथी, निर्णायक शर्यत पॉइंट्स रेसच आहे. महिलांची ८० लॅपची, २० किलोमीटर.

गिरगावकर | दुपारी ३:५५

संख्येचा मुद्दा मान्य, त्यावर वाद नाही. पण ऑम्नियममधली पॉइंट्स रेस ही वेगळी शर्यत आहे हो. आधीच्या तीन शर्यतींत प्रत्येक विजेतीला ४०, दुसरीला ३८, तिसरीला ३६ असं घेऊन मुली चौथ्या शर्यतीला उभ्या राहतात. एखादी आधीच दहा-पंधरा गुणांनी पुढे असते. ती नवीन काही करतच नाही, फक्त दुसऱ्या नंबरच्या मुलीची सावली होऊन फिरते. स्वतंत्र पॉइंट्स रेसमध्ये सगळ्या शून्यावरून निघतात. कुणाची सावली व्हायचं हेच सुरुवातीला माहीत नसतं.

सातची_फास्ट | दुपारी ४:२०

दोघंही थोडे थोडे बरोबर. दोन चाकं म्हणतात ते मला पटतं. ३ पदकांवरून ५ वर जाण्यासाठी माझी लाडकी शर्यत गेली असेल तर जाऊ दे. पण म्हणूनच जागतिक स्पर्धेतली पॉइंट्स रेस आता मी जास्त मन लावून बघते, तिथे ती अजून स्वतंत्र आहे. २०२१ ला रूबेमध्ये बेल्जियमची लोटे कोपेकी पहिली, ब्रिटनची केटी आर्चिबाल्ड दुसरी, नेदरलँड्सची कर्स्टन विल्ड तिसरी. २०२३ ला ग्लासगोत परत कोपेकी. ग्लासगोचं तर काय सांगू, त्याच स्पर्धेत तिने ट्रॅकवर एलिमिनेशन (दर स्प्रिंटला शेवटची बाद) जिंकली, पॉइंट्स जिंकली आणि काही दिवसांत रस्त्यावरची रोड रेससुद्धा! एकाच माणसाकडे हिशेब, स्प्रिंट आणि चार तास टिकायचा दम. याला म्हणतात सायकलपटू.

आणि ऑम्नियममध्ये सगळं आधीच ठरलेलं असतं असंही नाही. टोकियोला अमेरिकेची जेनिफर व्हॅलेंटी आघाडीवर होती आणि पॉइंट्स रेसमध्ये पडली. उठली, परत सायकलवर बसली आणि सुवर्ण घेऊन गेली.

पावभाजी_प्रेमी | दुपारी ४:४१

पडल्यावर उठेपर्यंत लॅप नाही का जात? मग २० वजा?

दोन_चाकं | सायं ५:०२

पंचांनी अपघात ग्राह्य धरला तर १३०० मीटरच्या आसपासची सूट मिळते. २५० मीटरच्या ट्रॅकवर ५ लॅप. तेवढ्यात परत येऊन पूर्वीच्याच जागी घोळक्यात शिरायचं. त्यापेक्षा जास्त वेळ लागला तर मात्र नुकसान. पण त्या पाच लॅपमध्ये स्प्रिंट आली तर ती गेली हातची.

ठाणेकरीण | रात्री ९:१५

कालपासून वाचतेय. आमची मुलगी चौदा वर्षांची आहे, शाळेच्या रोड रेसमध्ये चांगली चालवते. तिला हे ट्रॅकचं वेड लागलंय ते असेच व्हिडिओ बघून. मुंबईत कुठे शिकायची सोय आहे का? एका क्लासवाल्यांनी ट्रॅकचं प्रशिक्षण म्हणून फी घेतली आणि प्रत्यक्षात मुलांना मैदानाभोवती साध्या सायकलींवर फिरवलं. तो अनुभव झाल्यावर आता इथेच विचारतेय.

बालेवाडीकर | रात्री ९:५०

ताई, मुंबईत वेलोड्रोम नाही. तुमच्यासाठी जवळचा म्हणजे पुण्याला बालेवाडीचा, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या शिवछत्रपती क्रीडा संकुलातला. उघडा, सिमेंटचा. पावसाळ्यात ओल्या बँकिंगवर जायचा प्रश्नच नाही. देशात लाकडी, छताखालचा २५० मीटरचा म्हणजे दिल्लीचा, इंदिरा गांधी संकुलातला, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेला. धाग्याचा विषय निघालाच आहे तर, तिथे त्या वेळी महिलांची पॉइंट्स रेस झाली होती, ऑस्ट्रेलियाच्या मेगन डनने जिंकली.

मी स्वतः सिमेंटवर शिकलो, त्यामुळे मुलीसाठी दोन गोष्टी सांगतो. पहिल्यांदा बँकिंग खालून बघितलं की ती भिंत वाटते. सगळ्यांची चूक एकच, घाबरून वळणावर हळू जायचं. हळू गेलात की टायर घसरतो, वेगात गेलात तर चिकटून राहता. हे डोक्याला कळतं, पायांना कळायला वेळ लागतो. दुसरं म्हणजे पाय थांबवायची सवय मोडायची. रोड सायकलवाली मुलं वळणावर नकळत पेडल थांबवतात. फिक्स्ड गियरवर ते केलंत की मागचं चाक तुम्हाला खोगिरावरून उडवतं.

आणि उघड्या ट्रॅकवर वारा असतो. वर आकडेमोड यांनी मांडलेलं गणित बंद वेलोड्रोमचं आहे. उघड्यावर एका सरळ बाजूला वारा तोंडावर, दुसऱ्या बाजूला पाठीवर. एकटं सुटलेल्याला प्रत्येक लॅपमध्ये एकदा भिंत लागते. म्हणून बालेवाडीला लॅप घेताना मी फार कमी जणांना बघितलंय, तिथे शर्यत स्प्रिंटवरच ठरते.

ठाणेकरीण | रात्री १०:०५

मनापासून आभार दादा. मग तोवर इथे काय करून घ्यावं तिच्याकडून?

घाटाचा_राजा_निवृत्त | रात्री १०:३०

पहाटे पाम बीच रोडला न्या, पण गटाबरोबरच, आणि मागे कुणीतरी गाडी घेऊन असू द्या. दुसऱ्याच्या चाकामागे हातभर अंतरावर बसून सरळ रेषेत चालवणं शिकू दे. हे आलं तर निम्मा ट्रॅक आला. मरीन ड्राइव्हला पाच वाजता गेलात तर तिथेही रिकामा रस्ता मिळतो, पण सिग्नलपाशी लय तुटते. सी लिंकवर सायकल नेता येत नाही, आणि पवईच्या तळ्याकाठी ट्रॅक होणार होता त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे.

गिरगावकर | रात्री १०:४४

पवईचा विषय नको काका, धागा भरकटेल. उच्च न्यायालयाने २०२२ ला ते काम बेकायदा ठरवलं आणि तळ्याच्या दृष्टीने ते बरंच झालं असं माझं मत. तसाही तो फेरफटक्याचा ट्रॅक होता, शर्यतीचा नव्हे.

माहीमची_खाडी | रात्री ११:१०

आशियातल्या मुली या शर्यतीत कुठे आहेत? की सगळं युरोपच?

सातची_फास्ट | रात्री ११:३५

आहेत ना, जपानच्या. युमी काजिहारा टोकियोत ऑम्नियमची रौप्यविजेती, त्याआधी २०२० ला बर्लिनमध्ये ऑम्नियमची जगज्जेती. ग्लासगोच्या पॉइंट्स रेसमध्ये कोपेकी आणि ऑस्ट्रेलियाच्या जॉर्जिया बेकरनंतर तिसरी आली त्सुयाका उचिनो, तीही जपानची. जपानमध्ये किरिनच्या सट्ट्यावर चालणारे चाळीसहून जास्त वेलोड्रोम आहेत, १९४८ पासूनची परंपरा. पैसा तिथून येतो, मुलांना ट्रॅक तिथे मिळतो.

आपल्याकडे जे काही ट्रॅकचं काम झालं ते दिल्लीतल्या एका वेलोड्रोमभोवती आणि बरंचसं स्प्रिंटकडे झुकलेलं. २०२२ च्या आशियाई ट्रॅक अजिंक्यपद स्पर्धेत रोनाल्डो सिंगने मिळवलेलं रौप्य स्प्रिंटचंच. ते मोठं यश आहे, पण स्प्रिंटची मुलं तयार करणं आणि शंभर लॅप डोकं शाबूत ठेवणारी मुलगी तयार करणं ही वेगळी कामं आहेत. पॉइंट्स रेस शर्यती खेळूनच येते, आणि शर्यतीला वीस जणी लागतात. एका राज्यात ट्रॅकवर उतरणाऱ्या वीस मुली एकत्र करून दाखवा, मग पदकाचं बोलू.

पावभाजी_प्रेमी | सकाळी ८:५०

काल रात्री अथेन्स २००४ ची माहिती काढत बसलो. कांस्यपदकाचं काहीतरी लफडं झालं होतं का?

गिरगावकर | सकाळी ९:२५

हो. कोलंबियाची मारिया लुईसा काये तिसरी आली. चाचणीत हेप्टामिनॉल हे बंदी असलेलं उत्तेजक सापडलं म्हणून पदक काढून घेतलं आणि चौथ्या आलेल्या अमेरिकेच्या एरिन मिराबेल्लाला दिलं. काये म्हणत राहिली की मी फक्त डोकेदुखीची गोळी घेतली होती. ती क्रीडा लवादाकडे गेली, आणि गोळीतल्या निराळ्याच घटकाचं तपासणीच्या प्रक्रियेत हेप्टामिनॉल होऊ शकतं हे निघालं. २००५ मध्ये पदक परत कायेकडे. मिराबेल्लाची काहीच चूक नव्हती, तिला हातात आलेलं ऑलिंपिक पदक परत द्यावं लागलं. दोघींचंही वाईट वाटतं.

खडूस_म्हातारा | सकाळी ११:००

काल रात्री बीजिंगची ती शर्यत बघितली. नातवाने लावून दिली. ती डच मुलगी सुटते तेव्हा बाकीच्या करतात काय? नुसत्या बघतात! मी खुर्चीतून ओरडलो. तरी माझं मत कायम, शेवटच्या लॅपला कोण जिंकतंय ते मला कळलं नाही, पडद्यावर आकडे आल्यावर कळलं.

आकडेमोड | सकाळी ११:४०

काका, मग तुमच्यासाठीच एक कोडं. शेवटच्या स्प्रिंटआधी फलक असा आहे : अ ३४, ब २९, क २६, बाकी सगळ्या १५ च्या आत. शेवटची स्प्रिंट १०, ६, ४, २. क ला सुवर्णाची आशा आहे का? आणि अ ने काय करावं?

खडूस_म्हातारा | दुपारी १२:१५

क ला आशा नाही. आठ गुणांनी मागे. अ ने ब च्या चाकाला चिकटून बसावं, सोपं आहे. ब पहिली आली तर ३९, तिच्या मागून अ दुसरी आली तर ४०. अ जिंकली.

ठाणेकरीण | दुपारी १२:५०

लेकीने सोडवलं, तिचंच उत्तर टाकतेय. क ला आशा आहे. क पहिली आली तर २६ अधिक १०, ३६. अ चौथी आली तर ३४ अधिक २, तीही ३६. बरोबरी झाली तर शेवटच्या स्प्रिंटमध्ये पुढे असलेली जिंकते, म्हणजे क. आणि ब दुसरी आली तरी ३५ च.

आकडेमोड | दुपारी १:०५

शाबास! तिला ट्रॅकवर पाठवाच. काकांच्या डावातली फट तिने बरोबर पकडली. अ जर फक्त ब च्या मागे बसली तर ब कडून ती कधीच हरणार नाही, पण ब थकून तिसरी आली आणि अ तिच्या मागून चौथी, तर क पुढच्या पुढे सुवर्ण घेऊन जाईल. अ ला ब ची सावली सोडून निदान तिसरं यायला लागेल. आणि ब सोडली की ब पहिली येण्याचा धोका. हे सगळं धाप लागलेली असताना, शंभराव्या लॅपला, डोक्यात.

घाटाचा_राजा_निवृत्त | दुपारी १:३०

आणि ब आणि क ने आपसात ठरवलं तर?

सातची_फास्ट | दुपारी १:४२

जागतिक स्पर्धेत साधारणपणे एका देशाची एकच मुलगी असते, त्यामुळे ब आणि क वेगवेगळ्या देशांच्या. दोघींनाही सुवर्णच हवंय. क साठी ब ने कशाला मरावं? फार तर दोघी मिळून वेग इतका चढवतील की अ मागे पडेल, आणि शेवटच्या वळणावर एकमेकींवर तुटून पडतील.

खडूस_म्हातारा | दुपारी २:१०

पुढची जागतिक स्पर्धा केव्हा आहे आणि आपल्याकडे कुठे दिसते तेवढं कुणीतरी टाका. मी वही घेऊन बसणार आहे.